कर्नाळ्याच्या पक्ष्यांचे दफ्तर

पनवेलहून गोव्याच्या हमरस्त्याने दक्षिणेकडे निघालेल्या प्रवाशाला शिरढोण मागे पडले की डोंगरमाथ्यावरचा कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. आणि तो दृष्टीस पडतो न पडतो तोच रस्ता अकस्मात दाट झाडीत शिरतो, उन्हाचा ताव कमी होतो, हवेतला फुफाटा ओसरतो आणि थोड्याच वेळात ती झाडी संपून पुन्हा उघडा मुलूख लागतो. शिमग्याला आणि गणपतीला गावी जाणारे लक्षावधी चाकरमानी या झाडीतून वर्षानुवर्षे गेले आहेत, आणि तेथे एक पक्षी अभयारण्य आहे एवढे रस्त्याकडेच्या फलकावरून त्यांतल्या बहुतेकांना ठाऊकही आहे. परंतु दोन घटका थांबून, वाहनाचे यंत्र बंद करून, त्या झाडीत काय चालले आहे हे ऐकण्याची बुद्धी ज्यांना झाली असे लोक थोडेच. प्रस्तुत पुस्तक त्या थोड्यांसाठी आहे, आणि त्यांची संख्या वाढावी अशी आमची मनापासून इच्छा आहे. पक्ष्यांची वर्णने, त्यांचे रंग, आकार आणि घरटी यांचा तपशील पुढील प्रकरणांत यावयाचा आहे. येथे हे रान काय आहे, त्यातले पक्षी कसे पाहावे, आणि पाहिलेले लिहून का ठेवावे, एवढेच सांगावयाचे आहे.

पनवेलपासून सुमारे बारा किलोमीटर अंतरावर, कर्नाळा किल्ल्याच्या पायथ्याशी आणि उतारांवर पसरलेले हे रान १९६८ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले, आणि महाराष्ट्रातील पहिले पक्षी अभयारण्य म्हणून ते ओळखले जाते. आरंभी त्याचे क्षेत्र अवघे ४.४८ चौरस किलोमीटर होते. २००३ साली त्यात भोवतालचे वन सामील करून ते सुमारे १२ चौरस किलोमीटर करण्यात आले. ताडोबा किंवा मेळघाट यांच्या विस्ताराशी तुलना केली तर हा जमिनीचा एक लहानसा तुकडा ठरेल, आणि वाघ-बिबट्यांच्या ओढीने रानात जाणाऱ्या माणसाला तो निराशच करील. पण पक्ष्यांच्या हिशेबी क्षेत्रफळाचे माप निराळे असते. समुद्रसपाटीच्या जवळपास सुरू होऊन सुमारे साडेचौदाशे फुटांवरच्या किल्ल्यापर्यंत चढत जाणारा हा उतार, त्यातल्या घळी, ओढे, बांबूची बेटे, उघडे कातळ आणि माथ्यावरचा सव्वाशे फूट उंचीचा सरळसोट सुळका, अशी नाना प्रकारची वसतिस्थाने इतक्या थोड्या जागेत एकत्र आल्यामुळे येथे दोनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे. त्यांपैकी बहुसंख्य बारमाही रहिवासी असून उरलेले हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे, पावसाळ्यात विणीसाठी येणारे किंवा जाता-येता चार दिवस मुक्काम करणारे आहेत.

किल्ल्याचा इतिहास या पुस्तकाच्या कक्षेत येत नाही, तरी त्याचा उल्लेख टाळून पुढे जाणे बरे दिसणार नाही. कारण हे रान ज्या कारणांनी टिकले त्या कारणांत त्या किल्ल्याचाही काही अंश असावा असे आम्हांस वाटते. बोरघाटातून देशावर चढणारी आणि कोकणच्या बंदरांकडे उतरणारी वाहतूक ज्या टापूतून जात असे त्यावर नजर ठेवण्यासाठी हा गड बांधला गेला. देवगिरीच्या यादवांपासून गुजरातचे सुलतान, अहमदनगरची निजामशाही आणि वसईचे फिरंगी यांच्या हातांतून फिरत तो १६५७ मध्ये शिवाजी महाराजांच्या अमलाखाली आला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागला, आणि १६७० मध्ये पुन्हा स्वराज्यात दाखल झाला. १८१८ साली इंग्रजांनी तो घेतला, त्यापूर्वी त्याची किल्लेदारी शिरढोणच्या फडके घराण्यातील अनंतरावांकडे होती. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके हे त्यांचेच नातू. गडाभोवतीचे रान हे गडाचेच एक कवच असते आणि ते राखण्याकडे जुन्या किल्लेदारांचे लक्ष असे, ही गोष्ट मराठी वाचकाला नव्याने सांगावयास नको. पुढे किल्ला ओस पडला, तोफा गेल्या, तट ढासळले. सुळक्याच्या पायथ्याशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी मात्र राहिली, आणि सुळक्याच्या अंगावर आग्या माश्यांनी आपली मोठमोठी पोळी बांधली. त्या सुळक्याच्या माथ्यावरून घिरट्या घालणारे शिकारी पक्षी खालच्या झाडीवर जी नजर ठेवतात ती पाहिली, म्हणजे गडाच्या पहाऱ्यात खंड पडला असे वाटत नाही.

आता रानाविषयी. कोकणपट्टीतले हे पानगळीचे आर्द्र वन आहे. वर्षाकाठी शंभर इंचांहून अधिक पाऊस येथे पडतो, आणि तो सगळा चार महिन्यांत पडून उरलेले आठ महिने जमीन कोरडी होत जाते. त्यामुळे येथल्या झाडांचे आयुष्य दोन टोकांच्या ऋतूंमध्ये वाटले गेले आहे. ऐन, किंजळ, बोंडारा, कुंभा, बेहडा, साग, काटेसावर, पांगारा ही झाडे उन्हाळा जवळ आला की पाने टाकतात; आंबा, जांभूळ, करंज आणि ओढ्याकाठची उंबरे आपला हिरवेपणा सोडीत नाहीत. गारंबीचे आणि उक्षीचे वेल एका झाडावरून दुसऱ्या झाडावर चढत जाऊन मधले आकाश बुजवून टाकतात. ज्याला पक्षी पाहावयाचे आहेत त्याने प्रथम ही झाडे ओळखावयास शिकावे, असा आमचा आग्रह आहे. कारण उंबर कोणत्या महिन्यात पिकले, सावर केव्हा फुलली आणि ऐनाची पाने केव्हा गळली हे ज्याला कळते त्याला कोणता पक्षी कोठे भेटेल हे निम्मे कळलेले असते. माघ-फाल्गुनात पांगारा आणि सावर फुलली म्हणजे सूर्यपक्षी, पर्णपक्षी, कोतवाल, मैना, हळद्या यांची त्या लाल फुलांवर अशी काही गर्दी उसळते की एका झाडाखाली सकाळ घालविली तरी पुढे जावेसे वाटू नये. उंबर पिकले की तांबट आणि कुटुरगे, हरियल आणि राखी धनेश तेथे हजेरी लावतात. आणि ज्या पक्ष्याला दुर्बीण घेऊन दिवसभर शोधले असता तो सापडला नसता, तो एका फळाच्या लोभाने आपण होऊन समोर येऊन बसतो.

तरीसुद्धा नवख्या माणसाची पहिली तक्रार ठरलेलीच असते : पक्षी दिसत नाहीत. तळ्याकाठी किंवा माळावर पक्षी पाहण्याची ज्यांना सवय आहे त्यांची तर या रानात विशेष अडचण होते. उरणच्या पाणथळीवर किंवा ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे उघड्यावर उभे असतात. दुर्बिणीतून त्यांना मोजावे आणि घरी यावे. कर्नाळ्याच्या झाडीत मोजणे राहोच, एक पान हलले की दोन हलली याचाही निश्चय होत नाही. येथे पक्षी प्रथम ऐकावा लागतो आणि मग, त्याची मर्जी असेल तर, तो दिसतो. रानातल्या पक्षिनिरीक्षणाची विद्या म्हणजे पुष्कळ अंशी कानाची विद्या आहे, आणि ती पुस्तकातून येत नाही. पुस्तक फार तर तिची आठवण ठेवते. पहाटे दयाळाची आणि शामाची शीळ यांतला फरक, तांबटाचे एका तालातले ठोके आणि कुटुरग्याचे दीर्घ, चढत जाणारे बोलणे यांतला फरक, पावशाने ‘पेर्ते व्हा’ म्हणून आळवणे आणि कोकिळाने कुहूकार करणे यांतला फरक ज्याच्या कानात एकदा बसला, त्याला हे रान मुके वाटत नाही. दुपारी सगळे चिडीचूप झाल्यावरही आकाशातून सर्पगरुडाची लांबवर ऐकू जाणारी आरोळी येते. ती ऐकून मान वर करावी तो पंखांखालचा रुंद पांढरा पट्टा झळकवीत तो उंच वर्तुळे काढीत असलेला दिसतो.

भृंगराजाची गोष्ट मात्र निराळी सांगितली पाहिजे, कारण त्याने कान शिकलेल्या माणसालाही फसवावे. शेपटीच्या दोन लांब, बारीक दांड्यांच्या टोकांशी पाकळ्या बांधल्यासारखी पिसे असलेला हा काळा पक्षी दुसऱ्या पक्ष्यांच्या हाका हुबेहूब काढतो. शिक्रा ओरडला म्हणून पाहावे तो पानाआड भृंगराज बसलेला. परंतु ही नक्कल तो करमणुकीसाठी करतो असे समजण्याचे कारण नाही. हिवाळ्यातल्या सकाळी हे रान कधी कधी पाऊण तास अगदी ओस वाटते, आणि मग एकाएकी एका वळणावर दहा-बारा जातींचे पक्षी एकदम भोवती येऊन ठाकतात : बुंध्यांवर सुतार आणि शिलींध्री, शेंड्यांत लाल-काळे निखार, मधल्या फांद्यांत बुलबुल आणि वटवटे, खालच्या झुडपांत सातभाईंच्या जातीचे पक्षी. हा त्यांचा संमिश्र थवा. निरनिराळ्या उंचीवर प्रत्येक जण आपापले भक्ष्य शोधतो, त्यामुळे एकमेकांच्या ताटात कोणी हात घालीत नाही. एकाच्या हालचालीने उडालेला किडा दुसऱ्याच्या चोचीत पडतो. आणि शंभर डोळे एकत्र असल्यामुळे ससाण्याची झडप निम्म्याने चुकते. या थव्याचा मुकादम बहुधा भृंगराज असतो. तो उडालेले किडे हवेत टिपतो, आणि त्याच्या मोबदल्यात संकटाची वर्दी सगळ्यांना देतो. असा थवा समोर आला म्हणजे नवशिका गोंधळून जातो, कोणाकडे पाहावे हे त्याला सुचत नाही, आणि पाच मिनिटांत थवा पुढे निघून जातो. जाणत्याने अशा वेळी एकच करावे : जागा सोडू नये, थव्याच्या मागे धावू नये, आणि डोळ्यांनी एका वेळी एकच झाड पाहावे.

ऋतूंचा विचार केला तर कार्तिक ते फाल्गुन हा काळ पक्षी पाहण्यास सर्वांत सोयीचा, असे जे सांगितले जाते ते खरे आहे. थंडीत हिमालयाकडून आणि त्याही पलीकडून निलांग, निळ्या टोपीचा कस्तूर, नाना प्रकारचे माशीमार आणि वटवटे येथे उतरतात. राखी निखारासारखा पूर्वेकडचा दुर्मीळ पाहुणाही येथे नोंदला गेला आहे, आणि मलबारी कर्णा, जो सह्याद्रीच्या दाट सदाहरित अरण्याचा रहिवासी, तोही या रानाच्या यादीत आहे. झाडीतल्या पाऊलवाटेवर पांढऱ्या रेशमाच्या फितीसारखी शेपटी मागे वाहवत जाणारा स्वर्गीय नर्तक एकदा पाहिला की तो माणूस आयुष्यभर या छंदाचा बंदा होतो, हे आम्ही अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. या नराचे पिसारे प्रथम तांबूस असतात आणि काही वर्षे लोटल्यावर पांढरे होतात. मादी मात्र तांबूसच राहते. धनेशाचा संसारही या काळाच्या अखेरीस सुरू होतो. झाडाच्या ढोलीत मादी आपल्याला कोंडून घेते, ढोलीचे तोंड विष्ठेने आणि चिखलाने बुजवून टाकते, आणि एवढी फट ठेवते की जिच्यातून नराच्या चोचीतले फळ आत यावे. पिल्ले काहीशी मोठी होईतो आतल्या जिवांचा सगळा योगक्षेम त्या एका नरावर अवलंबून असतो. तो मारला गेला तर आतले सारे कुटुंब उपासमारीने संपण्याचा धोका असतो. आणि ज्या जुन्या, पोकळ वृक्षात ढोली होती तो वृक्ष तोडला गेला तर पुढल्या वर्षीचा संसारच मांडला जाणार नाही. रानातले वठलेले झाड निरुपयोगी आहे असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

पण आमच्या मते कर्नाळ्याचे खरे वैभव हिवाळ्यात नाही. ते मृगाच्या पावसाबरोबर येते. मेच्या अखेरीस, वळिवाच्या सरी पडू लागताच, नवरंग पक्षी दाखल होतो. सकाळ-संध्याकाळ त्याची दोन स्वरांची शीळ जमिनीलगतच्या अंधाऱ्या झुडपांतून ऐकू येते, आणि क्वचित पालापाचोळा उलथीत असलेला तो निळा-हिरवा-तांबडा पक्षी दिसलाच तर डोळ्यांवर विश्वास बसत नाही. चातकाची हाक आणि शीळकरी कस्तुराचे ओढ्याकाठचे गाणे यांच्याच मागोमाग तिबोटी खंड्या येतो. पायाला तीनच बोटे असलेला, चिमणीपेक्षा लहान असा हा खंड्या; पाठ निळसर-काळी, पोट पिवळे, चोच आणि पाय लाल, आणि डोक्याच्या मागच्या बाजूस जांभळी झाक. रायगड जिल्ह्याने त्याला आपला जिल्हापक्षी म्हणून मान दिला आहे, तो सर्वथा योग्य आहे. दक्षिणेकडून रात्रीच्या प्रवासाने तो कोकणात येतो, रानातल्या ओढ्याच्या काठच्या मातीच्या दरडीत नर आणि मादी आळीपाळीने चोचीने माती उकरीत सरळ आत जाणारे बीळ तयार करतात, आणि त्याच्या टोकाशी अंडी घालतात. पाली, लहान खेकडे, बेडूक, कोळी आणि किडे हे पिल्लांचे अन्न. पावसाचे दिवस ओसरले की ही सारी मंडळी निघून जातात. म्हणजे जून ते सप्टेंबर एवढ्या अवधीत ज्या एका दरडीवर, ज्या एका ओढ्याच्या वाहत्या पाण्यावर या पक्ष्याची पुढली पिढी अवलंबून असते, ती दरड रस्त्याच्या कामात कापली गेली, किंवा छायाचित्रासाठी तिच्यासमोर दिवसभर माणसांची रांग लागली, तर त्या वर्षाची वीण वाया जाते. घरट्यापाशी तासन् तास ठाण मांडणे, फांद्या छाटून दृश्य मोकळे करणे, ध्वनिमुद्रित हाक वाजवून पक्ष्याला उघड्यावर आणणे, या गोष्टी ज्यांना पक्ष्यांचे प्रेम वाटतात त्यांच्याशी आमचा तीव्र मतभेद आहे. घरट्यात अंडी असलेल्या पक्ष्याला एका छायाचित्रासाठी तासभर बाहेर ताटकळत ठेवणे हा अपराध आहे, मग ते छायाचित्र कितीही सुंदर असो.

दुर्मीळाच्या ओढीविषयी येथे थोडे अधिक लिहिले पाहिजे. रानात जाणारे पुष्कळ लोक यादीतल्या नव्या नावावर खूण करण्यासाठी जातात, आणि बुलबुल, दयाळ, सातभाई, तांबट यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पक्षिविद्येचा इतिहास मात्र याच्या विरुद्ध साक्ष देतो, आणि त्यातली एक फार मोठी साक्ष याच रायगड जिल्ह्यातली आहे. अलिबागजवळच्या किहीमच्या किनाऱ्यावर १९३० साली डॉ. सालिम अली राहत असताना घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सुगरण हा काही दुर्मीळ पक्षी नव्हे. शेताच्या बांधावरच्या बाभळीला आणि विहिरीवर ओणवलेल्या फांदीला टांगलेली त्याची घरटी कोकणातल्या प्रत्येक मुलाने पाहिलेली असतात. अलींनी त्या वसाहतीसमोर बसून पावसाळाभर नोंदी केल्या, आणि तोवर कोणाच्या लक्षात न आलेली गोष्ट त्यांच्या लक्षात आली : नर घरटे अर्धवट विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडले तर ताबा घेते, मग नर ते पूर्ण करतो, आणि ती अंड्यांवर बसली की तो शेजारी दुसरे घरटे दुसऱ्या मादीसाठी विणावयास घेतो. या एका निरीक्षणाने त्यांचे नाव पक्षिशास्त्रज्ञांच्या जगात प्रतिष्ठित झाले. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे जे प्रसिद्ध पुस्तक निघाले त्याने पुढे अनेक पिढ्यांना हा छंद लावला, हे सर्वश्रुत आहे. पण त्या पुस्तकाच्या मागे किहीमसारख्या ठिकाणची वही होती, हे लोक विसरतात.

वही हा शब्द आम्ही हेतुपुरस्सर वापरला आहे. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सारे मोठेपण तिच्या संग्रहालयात जितके आहे तितकेच किंवा त्याहूनही अधिक ते अशा नोंदींच्या दफ्तरात आहे. १९५१ साली मुंबई राज्यात वन्य पशू व वन्य पक्षी यांच्या संरक्षणाचा जो कायदा झाला, त्याच्या मसुद्यात सोसायटीचे हुमायून अब्दुलअली यांचा मोठा वाटा होता. आणि तो कायदा भावनेच्या भरात लिहिला गेला नव्हता, कोणता पक्षी कोठे, केव्हा, किती, या प्रश्नांची वर्षानुवर्षे गोळा केलेली उत्तरे त्याच्यामागे उभी होती. मारुती चितमपल्ली यांचे नाव या प्रसंगी घेतल्यावाचून राहवत नाही. वनाधिकारी म्हणून कर्नाळ्याच्या घडणीत त्यांचा वाटा होता, आणि मराठीत पक्षिकोश सिद्ध करून त्यांनी हे दाखवून दिले की कातकरी, ठाकर, गोंड, माडिया यांच्या तोंडची पक्षिनामे आणि निरीक्षणे ही शास्त्राच्या दप्तरात दाखल होण्यास सर्वथा पात्र आहेत. त्यांचा जन्मदिन ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो.

येथे एक अवघड गोष्ट बोलणे प्राप्त आहे. रान राखावयाचे म्हणजे रानात राहणाऱ्यांना बाहेर काढावयाचे, अशी एक समजूत अनेक सुशिक्षितांच्या मनात घर करून बसली आहे. कर्नाळ्याच्या पंचक्रोशीत तरी ती बाळगू नये. या डोंगररांगेच्या पलीकडे चिरनेर आहे. तेथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहासाठी जमलेल्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला, आणि त्यात आठ जण हुतात्मा झाले. नाग्या महादू कातकरी हा त्यांतला एक. जंगल खात्याच्या कायद्याने लाकूडफाटा, गवत आणि चराई यांचे वहिवाटीचे हक्क गेले म्हणून जी माणसे कोयते घेऊन निघाली, ती रानाची वैरी नव्हती. रान आपले आहे असे मानणारीच होती. आजही ओढ्याच्या कोणत्या वळणावर तिबोटी खंड्याचे बीळ आहे, कोणत्या बेहड्याच्या ढोलीत धनेश दरवर्षी बसतो, कोणत्या आठवड्यात रानकोंबडीची पिल्ले फिरू लागतात, हे शहरातून दुर्बीण घेऊन आलेल्या निरीक्षकापेक्षा पायथ्याच्या वाडीतल्या कातकऱ्याला अधिक ठाऊक असते. त्याला केवळ वाटाड्या म्हणून दिवसाची मजुरी देऊन भागणार नाही. त्याचे म्हणणे त्याच्या नावानिशी नोंदले गेले पाहिजे, आणि अभयारण्याच्या कारभारात त्याला बसण्याची जागा मिळाली पाहिजे. रक्षणाचा कायदा कागदावर सरकारचा असतो. त्याची अंमलबजावणी अखेरीस शेजारच्या माणसाच्या इच्छेवर चालते.

आणि या शेजाराचे स्वरूप झपाट्याने पालटत आहे. १८५२ साली ज्या गावाला नगरपालिका मिळाली त्या पनवेलची २०१६ मध्ये महानगरपालिका झाली. खाडीकाठची शेते, मिठागरे आणि तिवरे यांच्या जागी वसाहती आल्या, विमानतळ आला. आणि हमरस्ता, जो अभयारण्याचे दोन भाग करून मधूनच जातो, त्यावरची वाहतूक रात्रंदिवस थांबत नाही. जमिनीवर चालणारे प्राणी आणि सरपटणारे जीव या रस्त्यावर चिरडले जातात हे उघड दिसते. पक्ष्यांवर त्याचा परिणाम कमी दिसतो पण तो आहे. ज्या पक्ष्याचा संसार आवाजावर चालतो, ज्याने शीळ घालून हद्द सांगावयाची आणि शीळ घालूनच जोडीदार मिळवावयाचा, त्याच्या पहाटेच्या प्रहरात अवजड गाड्यांचा घरघराट भरून राहिला तर त्याचे बोलणे ऐकणार कोण? रस्त्यापासून शंभर पावलांवर शामा किती गातो आणि हजार पावलांवर किती, याची तुलना करण्यास मोठ्या साधनांची गरज नाही. घड्याळ, कान आणि वही एवढी सामग्री पुरेशी आहे. असे काम पाच-दहा वर्षे चिकाटीने झाले, तर रस्त्याचे रुंदीकरण, ध्वनिरोधक भिंती, रात्रीच्या वेगाची मर्यादा अशा प्रश्नांवर सरकारदरबारी बोलताना अभयारण्याच्या बाजूने नुसती कळकळ पुढे करावी लागणार नाही. आकडे पुढे करता येतील. कळकळीला दप्तरात आवक क्रमांक मिळत नाही, आणि विकासाच्या प्रत्येक योजनेच्या पाठीशी मात्र आकड्यांचा गठ्ठा असतो, हे आम्ही खेदाने पण अनुभवाने लिहीत आहोत.

प्रवेशद्वारातून आत गेले की हरियाल आणि मोरटाका या नावांच्या दोन निसर्गवाटा आहेत, आणि एक वाट किल्ल्यावर चढते. रविवारी आणि सुट्ट्यांच्या दिवशी किल्ल्याच्या वाटेवर एवढी माणसे आणि एवढा कलकलाट असतो की त्या दिवशी पक्षी पाहण्यास जाऊच नये. ज्यांना गड चढण्याचा आनंद घ्यावयाचा आहे त्यांचा तो हक्क आम्ही नाकारीत नाही, फक्त खाण्याच्या पुड्या आणि बाटल्या मागे टाकू नयेत आणि सुळक्याखाली आरडाओरड करून आग्या माश्यांना चाळवू नये, एवढी विनंती. पक्षी पाहणाऱ्याने आठवड्यातला साधा दिवस निवडावा, उजाडताच पोहोचावे, अंगात मळकट हिरवे किंवा मातकट कपडे असावेत, सोबत दोघा-तिघांहून अधिक मंडळी नसावीत, आणि पहिला अर्धा तास एका जागी बसून फक्त ऐकावे. दुर्बीण बरी असावी. पण ती नाही म्हणून कोणी घरी बसू नये. कोकणातल्या शाळांतली मुले दुर्बिणीवाचून जेवढे पक्षी ओळखतात तेवढे ओळखणारे प्रौढ पनवेलच्या बाजारपेठेत दिवसभर फिरूनही सापडणे कठीण आहे.

पुढील प्रकरणांत पक्ष्यांची मराठी नावे देताना एकाच पक्ष्याला पनवेलकडे, घाटावर आणि तळकोकणात निरनिराळी नावे आहेत तेथे ती सगळी दिली आहेत, आणि शास्त्रीय वर्गीकरण देवनागरीतच मांडले आहे. काही वाचकांना ही नावांची गर्दी त्रासदायक वाटेल. परंतु ज्या आजीला भारद्वाज म्हटले तर कळत नाही आणि कुकुडकुंभा म्हटले की लगेच कळते, तिच्याजवळची माहिती आपल्याला हवी असेल तर तिचा शब्द आधी हवा.

वाचकांना आमचे मागणे एवढेच आहे. हे पुस्तक घरात कपाटात ठेवू नये. ते घेऊन रानात जावे, आणि त्याच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहावे. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, जागा, हवामान, झाड आणि पक्षी काय करीत होता हे सहाही तपशील असावेत; नावाची खात्री नसेल तर नाव लिहू नये, दिसले आणि ऐकले तेवढेच लिहावे. विशेषतः मेच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून जूनअखेरपर्यंत नवरंगाची पहिली शीळ आणि तिबोटी खंड्याचे पहिले दर्शन ज्या दिवशी होईल ती तारीख दर वर्षी न चुकता टिपून ठेवावी, आणि पावसाळा संपल्यावर त्या नोंदींची एक प्रत वनखात्याकडे व एक आपल्या गावच्या वाचनालयात द्यावी.